दुसऱ्या गिअरमधली खडखड

सकाळी मास्तर ड्रायव्हिंग स्कूलच्या अंगणात आले, तेव्हा त्यांच्या गाडीच्या जागी दुसरीच गाडी उभी होती आणि ऑफिसच्या खिडकीतून आलेल्या वायरने तिला बांधून ठेवलं होतं. निदान मास्तरांना तसं वाटलं.

"पळून जाते का?" त्यांनी विचारलं.

"चार्ज होतेय," खिडकीतून ताई म्हणाली. "इलेक्ट्रिक आहे. तुझी जुनी काल विकली."

ताई म्हणजे मास्तरांची सख्खी थोरली बहीण आणि स्कूलची मालकीण. मास्तर पन्नाशीला टेकले होते, डोक्यावरचे केस मोजके उरले होते, अर्ध्या गावाला त्यांनी गाडी शिकवली होती. पण ताईच्या लेखी ते अजून बाळच होते, आणि गाडी विकताना बाळाला कोण विचारतं?

मास्तरांनी नव्या गाडीला एक चक्कर मारली.

"हिचं इंजिन कुठंय?"

"नाहीये."

"क्लच?"

"नाही. गिअर पण नाहीत. आवाज नाही, धूर नाही, खर्च निम्म्याहून कमी."

"मग मी शिकवू काय?"

प्रश्न रास्त होता. मास्तरांच्या शिकवण्यात दोनच विषय होते, क्लच आणि कान. "काट्याकडे बघू नका, कान द्या. गाडी स्वतः सांगते," हे त्यांचं पहिल्या दिवसाचं वाक्य होतं, आणि शेवटच्याही. जुनी गाडी खरोखरच सांगायची. पहिल्यात ती कण्हायची, तिसऱ्यात गुणगुणायची, आणि दुसऱ्यात तिच्या पोटातून एक खडखड यायची, डब्यात चार नाणी टाकून हलवल्यासारखी. ती ऐकू आली की तिसरा टाकायचा. गावातली निम्मी जनता त्या खडखडीवर शिकली होती, आणि स्वतःची नवी गाडी घेतल्यावर ही खडखडत का नाही म्हणून काही जण शोरूमला परत गेले होते.

"वाटेत चार्जिंग संपलं तर?" मास्तरांनी शेवटचा मुद्दा काढला. "पेट्रोल निदान बाटलीतून आणता येतं. वीज कशातून आणायची?"

"तुझी जुनी दर आठवड्याला ढकलत आणायचास, तेव्हा बाटलीतून काय आणत होतास?"

चहा तरी घ्यावा म्हणून आत जाऊन मास्तरांनी विजेची किटली लावली, आणि ऑफिसातला फ्यूज उडाला. गाडी आणि चहा एकाच वेळी होत नाहीत, हे त्या दिवशी सर्वांना कळलं. ताईने गाडी निवडली. तेव्हा मास्तरांचा नव्या तंत्रज्ञानाला असलेला विरोध निव्वळ तात्त्विक होता, असं म्हणता येणार नाही.

पहिल्या शिकाऊ आल्या टेलरबाई. चौकात त्यांचं शिवणाचं दुकान होतं. शेजारच्या गावातल्या शाळांच्या गणवेशांचं मोठं काम त्यांना मिळालं होतं, आणि शाळा उघडायच्या आत ते पोहोचवायचं होतं. त्यांच्या नवऱ्याने त्यासाठी एक छोटी इलेक्ट्रिक व्हॅन घेऊनही टाकली होती. त्याला स्वतःला गाडी येत नव्हती. त्यामुळे व्हॅन दुकानासमोर उभी होती आणि तो तिच्यावर इस्त्रीचे कपडे गार करत ठेवायचा.

टेलरबाईंचं निम्मं शिक्षण जुन्या गाडीवर झालं होतं, आणि मास्तरांना इतकी गुणी विद्यार्थिनी पूर्वी मिळाली नव्हती. "माझं मशीन पण कानानेच चालतं, मास्तर," त्या म्हणायच्या. "सुई मोडायच्या आधी मला कळतं."

त्या नव्या गाडीत बसल्या, पट्टा लावला, बटण दाबलं आणि वाट बघत राहिल्या.

"चालू होईना."

"झालीय."

"कशावरून?"

मास्तरांनाही ते नक्की माहीत नव्हतं. तेवढ्यात टेलरबाईंनी खात्री करून घ्यावी म्हणून पाय दाबला. गाडी एक शब्द न बोलता अंगण ओलांडून गेली आणि फाटकाजवळची पाटी पाडून थांबली. 'येथे सुरक्षित वाहन चालवण्यास शिकवले जाते' असं त्या पाटीवर लिहिलं होतं. मास्तरांच्या पायाखाली त्यांचा वेगळा ब्रेक होता. पण गाडी चालू आहे हे त्यांनाही पाटी पडल्यावरच पटलं.

ताई खिडकीत होती. ती सावकाश बाहेर आली, पाटी उचलून भिंतीला टेकवली आणि मास्तरांना बाजूला घेतलं.

"बाळ, सगळ्या गावाचे कपडे तिच्याकडे असतात. माप देताना माणूस हलू शकत नाही, तिचं सगळं ऐकून घ्यावं लागतं. ती नापास झाली तर आपल्याकडे कोण येईल?"

"जुनी गाडी असती तर..."

"जुनी गेली. आता ऐक. ती पास झाली तर तू शेजारच्या सीटवर. नाही झाली तर मी नवा शिक्षक बघते, ज्याला ही गाडी कळते. गाडी मी बदलणार नाही."

ताई आवाज चढवत नसे. मास्तरांना गाडीतही आणि माणसातही आवाज नसला की भीती वाटायची, ती यामुळेच.

पुढचे काही दिवस वाईट गेले. टेलरबाई एकतर गाडी बंद आहे समजून पाय दाबायच्या, नाहीतर चालू आहे समजून बटण दाबून ती बंद करायच्या. एकदा चढावर गाडी हळू पडली. मास्तर अस्वस्थ झाले. अशा चढावर जुनी गाडी कशी कण्हत चढायची हे आठवलं, आणि त्यांच्याही नकळत त्यांच्या घशातून आवाज निघाला.

"घर्रर्रर्र..."

टेलरबाईंच्या खांद्यांतला ताठरपणा गेला. गाडी लोण्यासारखी चढ चढली.

"आत्ता कशी बोलली," त्या म्हणाल्या. "थांबू नका."

मास्तर थांबले नाहीत. सपाटीवर त्यांनी तिसरा टाकला, वळणावर दुसऱ्यात आणली, आणि दुसऱ्यात आल्यावर जिभेने टाळूवर ती खडखडही वाजवली. टेलरबाईंनी इतकं सुरेख वळण घेतलं की मास्तरांचे डोळे भरून आले.

पण एक अडचण सुटली की तिच्या पोटातून दुसरी निघते. मास्तर इंजिन झाले, आणि त्यामुळे त्यांना शिकवता येईना. "डावीकडे घ्या" म्हणायला तोंड रिकामं केलं की इंजिन बंद पडायचं आणि टेलरबाई भर रस्त्यात ब्रेक मारायच्या. म्हणून सूचना हाताने सुरू झाल्या. श्वास घ्यायला मास्तर थांबले, तर बाई समजायच्या गिअर बदलला. एकदा त्यांना शिंक आली. बाईंनी शांतपणे गाडी कडेला घेतली, खाली उतरल्या आणि बॉनेट उघडून बघू लागल्या.

"मी इकडे आहे," मास्तर आतून म्हणाले.

"माहितीय," बाई म्हणाल्या. "सवयीने झालं."

गावात लोक वळून बघायला लागले. एकाने ताईला विचारलंच की नवी गाडी पूर्ण इलेक्ट्रिक आहे की हायब्रिड. ताईने खिडकीतून पाहिलं. गाडी फाटकातून आत येत होती आणि मास्तर गाल फुगवून ती पार्क करत होते.

"हायब्रिड," ती म्हणाली. "बॅटरी कंपनीची. इंजिन आमच्या घरातलं."

परीक्षेच्या आदल्या दिवशी बाईंनी गाव दोनदा पालथं घातलं, चढासकट. संध्याकाळी मास्तरांनी तोंड उघडलं तर आतून नुसती हवा आली. ते कोपऱ्यावरच्या डॉक्टरांकडे गेले.

"घसा कशाने बसला?" डॉक्टरांनी बॅटरी मारून आत बघत विचारलं.

"चढ होता," मास्तर कुजबुजले.

"चढ तुम्ही चढलात?"

"नाही. गाडी चढली."

"मग त्रास तुम्हाला का?"

"इंजिन मी आहे."

डॉक्टरांनी बॅटरी विझवली. थोडा वेळ ते मास्तरांकडे आणि मग दाराकडे बघत राहिले.

"किती चाललंय?" त्यांनी शेवटी विचारलं.

"या महिन्यात बरंच. बहुतेक गावातल्या गावात."

"आठवडाभर पूर्ण बंद ठेवायचं," डॉक्टरांनी लिहून दिलं. "कोमट पाण्याच्या गुळण्या करा. आणि चढ टाळा."

परीक्षेच्या मैदानावर शिक्षकांना गाडीत बसायची परवानगी नसते. ही गोष्ट मास्तरांना इतकी वर्षं माहीत होती. त्याचा अर्थ काय होतो, हे मात्र कुंपणाबाहेर उभं राहिल्यावर त्यांच्या लक्षात आलं. घसा शाबूत असता तरी उपयोग नव्हता. इंजिन कुंपणाबाहेर आणि गाडी आत. शेजारी ताई उभी होती. तिच्या हातात पर्स होती आणि पर्समध्ये, मास्तरांची खात्री होती, नव्या शिक्षकाचा फोन नंबर.

"तिला जमेल ना?" ताईने विचारलं.

मास्तरांनी हाताने 'बघू' अशी खूण केली. आता त्यांना हातानेच बोलायची सवय झाली होती.

परीक्षक साहेब आले. रुंद, जाड मानेचे, शर्टाच्या वरच्या बटणापर्यंत बंद. ते कधी हसलेले कोणी पाहिले नव्हते. ते गाडीत बसले, कागद मांडीवर ठेवला. काचा उघड्या होत्या आणि सकाळ शांत होती, त्यामुळे कुंपणापर्यंत सगळं ऐकू येत होतं.

"चला," साहेब म्हणाले.

गाडी जागची हलली नाही.

"चला, बाई."

"चालू झाल्यासारखी वाटत नाहीये, साहेब."

"झालीय. दिवा लागलाय."

"दिवा तर देव्हाऱ्यातही लागतो. म्हणून देव्हारा चालतो का?"

साहेबांनी पेन काढलं. मास्तरांनी कुंपणाची तार घट्ट धरली. ताईने पर्सची चेन उघडली.

"साहेब, एक विनंती होती," टेलरबाई म्हणाल्या. बाहीचं माप विचारावं तितक्या साध्या आवाजात त्या पुढे म्हणाल्या, "तुम्ही थोडा आवाज करता का?"

"कसला आवाज?"

"गाडीचा. मला कानाने येतं. नियमात गाडी कशी चालवायची ते आहे. आवाज कोणी करायचा ते नाही."

साहेबांच्या डोक्यात नियमांचं आख्खं पुस्तक पहिल्या पानापासून उलगडत असावं. पुस्तक संपलं. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं आणि आपल्या बाजूची काच वर केली. बाईंनी त्यांच्या बाजूची केली. गाडी हलली आणि वळणापलीकडे, झाडांच्या मागे दिसेनाशी झाली.

"काय झालं?" ताईने विचारलं. मास्तरांनी खांदे उडवले. रस्त्यावर एक कुत्रा झोपला होता तो उठला, कूस बदलून पुन्हा झोपला.

बऱ्याच वेळाने झाडांमागून आवाज आला. मास्तरांचे कान टवकारले. हा त्यांच्या गाडीचा आवाज नव्हता. हा खोल, छातीतला, जमिनीतून येणारा धडधडाट होता, माल भरलेला ट्रक घाट उतरावा तसा. वळणावरून ताईची चिमुकली पांढरी गाडी डौलात आली. स्टिअरिंगवर टेलरबाई निवांत बसल्या होत्या, आणि शेजारी साहेब, लालबुंद, मानेच्या शिरा फुगलेल्या, वरचं बटण उघडं. गाडी दोन खांबांमध्ये मागे घ्यायची होती. साहेबांनी गिअर बदलला. बाईंनी ती एका दमात आत घातली, कुठे न घासता. साहेबांनी शेवटी एअर ब्रेक सोडल्यासारखं "फिस्स" केलं आणि ते गप्प झाले.

उतरताना त्यांनी बटण लावलं, कागदावर 'पास' लिहिलं आणि कुंपणाशी आले.

"तुम्ही शिक्षक?"

मास्तरांनी मान हलवली.

"दुसऱ्यात काही खडखड असते म्हणे. बाईंनी दोनदा मागितली. मला जमली नाही." साहेबांचा आवाज खरडला गेला होता. "आणि पुढच्या वेळी शिकाऊंना फक्त पेट्रोलची सवय लावू नका. माझं डिझेल आहे."

ते गेल्यावर ताईने पर्सची चेन बंद केली.

"चल बाळ," ती म्हणाली. "चहा घेऊ. गाडीची वायर मी काढते."

चार-पाच दिवस गेले, शाळा उघडायला आल्या. मास्तरांना अजून बोलायची मनाई होती. ते अंगणात पाठमोरे बसून पडलेल्या पाटीला नवा रंग देत होते. गाडीला वायर लावलेली होती, चहा आधीच झाला होता. कोवळं ऊन होतं. रस्त्याने काहीतरी येत होतं.

मास्तरांचा ब्रश थांबला. पहिला कण्हत येत होता. मग दुसरा, आणि दुसऱ्यात ती, डब्यात चार नाणी हलवल्यासारखी खडखड. त्यांनी वळून पाहिलं नाही. गुणगुण अजून यायची होती आणि खडखड लांबत चालली होती.

"तिसरा," ते बसक्या घशाने, पाटीकडे बघतच म्हणाले.

गणवेशांच्या गठ्ठ्यांनी भरलेली टेलरबाईंची व्हॅन फाटकासमोरून गेली. काच उघडी होती, बाईंचे गाल किंचित फुगलेले होते. त्यांनी तिसरा टाकला, आणि व्हॅन गुणगुणत पुढच्या गावाकडे निघून गेली.