पानाला वीज लागत नाही

"महिनाभर चार्जिंगचं नाव काढायचं नाही," असं धाकटे जावई छाती फुगवून सगळ्यांसमोर म्हणाले, आणि माशी शिंकली ती तिथेच.

धाकटे जावई म्हणजे चष्मेवाले. कोपऱ्यावर दुकान, भिंतीवर अक्षरांचा तक्ता, आणि माणसाच्या डोळ्यातलं आपल्याइतकं कुणाला कळत नाही हा ठाम समज. तसं त्यांना कळायचंही, खोटं कशाला बोला? म्हणूनच सासऱ्यांनी वाचन सोडलं हे त्यांच्या जिवाला फार लागलं होतं. सासरे, म्हणजे नाना, रहस्यकथांचे वेडे. जेवताना ताटाशेजारी खून, झोपताना उशाशी खून. पण नजर मंदावली, ओळी एकमेकींवर चढायला लागल्या, आणि नानांनी सगळी पुस्तकं कपाटात घालून कुलूप लावलं. तेव्हापासून खुर्चीत बसून भिंतीकडे बघायचे. हाक मारली तर नुसतं 'हं'. सासूबाई स्वयंपाकघरात डोळे पुसायच्या आणि बाहेर येऊन त्यांच्यावरच खेकसायच्या.

पहिला डाव टाकला थोरल्या जावयांनी. त्यांचं मोबाइलचं दुकान. ते टॅब घेऊन आले. "नाना, यात पुस्तकं आहेत, बातम्या आहेत, सिनेमे आहेत, सगळं आहे." सगळं होतं हीच तर पंचाईत झाली. नाना गुप्तहेराबरोबर अंधाऱ्या तळघरात उतरले, की थोरल्या लेकीचा व्हिडिओ कॉल. तो संपला, की गाद्यांची जाहिरात. गॅलरीत उन्हाला बसावं, तर पडद्यावर कादंबरीच्या जागी नानांचा स्वतःचाच चेहरा. संध्याकाळपर्यंत डोळ्यांना धार लागायची. शेवटी सासूबाईंनी तो टॅब ओट्यावर नेला, मालिका बघायला. तिथे मात्र तो सुखात नांदला.

सासूबाईंचा भरवसा कागदावर. त्यांनी मोठ्या अक्षरांची कादंबरी मागवली. अक्षरं वाढली म्हणून पानं वाढली, पानं वाढली म्हणून वजन वाढलं, आणि नानांना सवय आडवं होऊन वाचायची. डुलकी लागली, ग्रंथ सरळ नाकावर आला. नाक सुजलं, आणि नाना पुन्हा भिंतीकडे बघायला लागले.

मग चष्मेवाले ई-रीडर घेऊन आले. दिसायला अगदीच गरीब, शाळेच्या पाटीसारखा. थोरल्या जावयांनी तो उलटासुलटा करून बघितला.

"फोन येतो यावर?"

"नाही."

"सिनेमा दिसतो?"

"नाही."

"रंग तरी?"

"तेही नाही."

"मग याला येतं काय?"

"यावर वाचता येतं," चष्मेवाले म्हणाले. "अक्षर हवं तेवढं मोठं करा, वजन तेवढंच राहतं. कितीही उन्हात न्या, कागदासारखं स्वच्छ दिसतं. आणि मुख्य म्हणजे पानाला वीज लागत नाही. पान उलटायला लागते, पण एकदा उलटलं की ते नुसतं बसून राहतं. बंद पडलं तरी पुसलं जाणार नाही."

"म्हणजे बॅटरी किती चालते?"

आता चष्मेवाल्यांनी 'बरीच चालते' म्हणून सोडून द्यायला काय हरकत होती? पण समोर साडू होते. त्यांनी ते महिन्याचं वाक्य फेकलं, आणि वर चार्जिंगची वायर गुंडाळून स्वतःच्या खिशात घातली. "ही माझ्या दुकानात राहील. बघाच तुम्ही." आत पुस्तकंही त्यांनीच भरली होती, एकही न वाचता. मुखपृष्ठावर सुरा दिसला की घेतली.

आणि खरं सांगायचं तर त्या गरीब पाटीने कमाल केली. नानांनी अक्षर चांगलं टपोरं केलं, गॅलरीत खुर्ची टाकली, आणि वाचायला लागले ते वाचतच राहिले. अंधार पडला की पाटीचा दिवा लावून वाचायचे. ना डोळ्याला पाणी, ना नाकाला धोका. जेवताना ते पुन्हा खून सांगायला लागले. "घरात माणूस परत आल्यासारखं वाटतंय गं," सासूबाईंनी धाकटीला फोनवर सांगितलं, आणि दुकानात येईल त्या गिऱ्हाइकाला चष्मेवाले चष्म्याआधी ही गोष्ट ऐकवू लागले.

मग एका सकाळी सासूबाईंचा पुन्हा फोन आला, रडवेल्या आवाजात. "यांचं काहीतरी बिघडलंय. परवापासून एकाच पानावर आहेत. वर 'प्रकरण सतरावे' म्हणून मोठं लिहिलंय. कपडे वाळत घालताना मागून बघितलं मी. तेव्हाही तेच, आत्ताही तेच. बघतात, डोळे मिटतात, पुन्हा बघतात."

धाकटी आणि चष्मेवाले धावत पोहोचले, तोवर थोरले जावई डॉक्टरांना घेऊन हजर. अशा वेळी त्यांची तत्परता बघण्यासारखी असते. नाना आता आतल्या खोलीत, मांडीवर पाटी घेऊन बसले होते. डॉक्टरांनी खुर्ची ओढली आणि गोड आवाजात विचारलं, "काय वाचताय, नाना?"

"खुनी याच खोलीत आहे," नाना म्हणाले.

डॉक्टरांनी खुर्ची जरा मागे घेतली.

"कोण?"

"तेच तर लावून बघतोय." नानांनी सगळ्यांवरून सावकाश नजर फिरवली. "माझा संशय डॉक्टरांवर आहे."

"माझ्यावर?"

"छे हो, गोष्टीतल्या. पण तुम्ही खुर्ची का मागे घेतलीत?"

डॉक्टरांनी घाम पुसला आणि पानावर काय आहे ते आठवून सांगायला लावलं. नानांनी डोळे मिटून अख्खं पान घडाघडा म्हणून दाखवलं. "स्मरणशक्ती माझ्यापेक्षा चांगली आहे," डॉक्टर म्हणाले.

"मग पान का उलटत नाहीत हो?" सासूबाईंना आता हुंदका आवरेना.

नानांनी एकदा चष्मेवाल्यांकडे बघितलं आणि खाली मान घातली. चष्मेवाल्यांनी पुढे होऊन पडद्यावर बोट दाबलं, मग बाजूचं बटण दाबलं. सतरावं प्रकरण ढिम्म हललं नाही.

"नाना, हे तर बंद पडलंय."

"हो. परवाच. गुप्तहेराने सगळ्यांना दिवाणखान्यात बोलावलं, खुनी याच खोलीत आहे म्हणाला, आणि पान हलेना."

"मग सांगितलं का नाहीत?"

"तुम्ही महिना म्हणाला होतात, तेही थोरल्यांसमोर," नाना पुटपुटले. "म्हटलं, महिना भरू दे. तुमचा शब्द खाली पडायला नको. तोवर खुनी आपला आपणच शोधू."

साडू आता टोमणा मारणार म्हणून चष्मेवाल्यांनी मनाची तयारी केली, पण थोरले जावई दुकानदार असले तरी मनाचे स्वच्छ. "रात्रंदिवस एवढं वाचल्यावर कुठली बॅटरी टिकेल?" ते म्हणाले. "आतली सगळी पुस्तकं संपवलीत, नाना?"

"हे शेवटचं."

"आणि माझा जीव इकडे टांगणीला," असं म्हणून सासूबाईंनी जे तोंड सोडलं, त्यावरून त्यांच्या जिवात जीव आल्याचं सगळ्यांना कळलं.

चष्मेवाले तसेच दुकानात पळाले आणि वायर घेऊन आले. वायर जोडली. फी कधीच खिशात गेली होती, तरी डॉक्टर जायला तयार नव्हते. थोड्या वेळाने पाटी जागी झाली. नानांनी पान उलटलं. वाचलं. आणखी एक उलटलं. थोरल्या जावयांना धीर निघेना.

"कोण निघाला, नाना? डॉक्टर का?"

"चष्मेवाला," नाना म्हणाले.

सगळ्यांनी धाकट्या जावयांकडे बघितलं.

"पहिल्या प्रकरणापासून गोड बोलत होता. तेव्हाच ओळखायला हवं होतं." नानांनी पाटी प्रेमाने छातीशी धरली. "वस्तू मात्र झकास दिलीत हो, जावईबापू. दुसरं काही नको मला आता. फक्त जाताना वायर तेवढी इथे ठेवून जा."