भावसारकाकांचं हेलिकॉप्टर, एकास दहा

आमच्या शेजारच्या भावसारकाकांसमोर 'जरा' हा शब्द काढायची सोय नाही. आम्ही या तापीकाठच्या गावात, लालबागेत राहायला आलो तेव्हा मला हे ठाऊक नव्हतं. पहिल्याच सकाळी दूध नासलं, म्हणून भांडं घेऊन त्यांच्या दारात गेले आणि म्हणाले, "काका, जरा दूध मिळेल का?"

काकांनी चष्मा कपाळावर सरकवला, माझ्या भांड्यात डोकावून पाहिलं आणि शांतपणे विचारलं, "जरा म्हणजे किती, मॅडमजी?"

चहापुरतं, मी म्हटलं. मग किती माणसांचा चहा, कप केवढा, आमच्याकडे दूध जास्त घालतात की पाणी, अशी सगळी चौकशी झाली. शेवटी ते आत गेले आणि औषधाच्या मापाने मोजून दूध घेऊन आले. मी शाळेत गणित शिकवते हे त्यांना दोन दिवसांनी कळलं, तेव्हा त्यांना खरोखर वाईट वाटलं. गणिताच्या बाईने 'जरा' म्हणावं हे त्यांच्या मनातून बरेच दिवस गेलं नाही.

यशवंत भावसार सिंचन विभागात ट्रेसर होते. इंजिनिअरने काढलेल्या नकाशावर पारदर्शक कागद ताणून बसवायचा आणि प्रत्येक रेघ शाईने हुबेहूब उतरवायची, हे त्यांचं काम. सगळी नोकरी त्यात गेली. खकनारकडच्या कालव्यांची वळणं त्यांना पाठ आहेत, पण त्यातले बरेचसे कालवे त्यांनी प्रत्यक्ष कधी पाहिलेले नाहीत. "पाहायची गरज नाही," ते म्हणतात, "रेघ सही असली की पाणी आपोआप जातं."

"अंदाज नको, नाप सांगा," हे त्यांचं आवडतं वाक्य. एकदा गल्लीत साप निघाला. समोरचे दुकानदार घामाघूम होऊन सांगत होते की साप एवढा मोठा होता, आणि दोन्ही हात पसरून दाखवत होते. काका म्हणाले, हात तसेच ठेवा. घरातून टेप आणला, दोन पंज्यांमधलं अंतर मोजलं आणि जाहीर केलं, "सव्वातीन फूट. धामण असेल." दुकानदार दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाहीत. काकांच्या ते लक्षातही आलं नाही.

कमलकाकू मात्र या सगळ्याला हसायच्या. काकू तापीकाठच्या केळीवाल्या शेतकऱ्याची मुलगी, ठेंगणी, गोड आवाजाची. काचबिंदूने त्यांची नजर हळूहळू गेली. मी ओळखायला लागले तेव्हा त्यांना माणसांचे आकार दिसत होते, आता फक्त उजेड आणि अंधार एवढंच कळतं. तरी स्वयंपाक त्याच करतात. काकांनी फळीवरच्या डब्यांमध्ये बरोबर चार-चार बोटांचं अंतर ठेवलेलं आहे आणि डबा हलला तर काका घर डोक्यावर घेतात. आम्ही शेजारच्या बायका म्हणायचो, बिचारी काकू, कशी राहत असेल या माणसाबरोबर.

निवृत्तीनंतर सहा महिन्यांनी काकांच्या मागच्या खोलीतून कानशीने पत्रा घासल्याचा आवाज यायला लागला. सकाळी दहा ते एक, दुपारी तीन ते सहा, ऑफिसच्या वेळेसारखा. मी विचारलं, काका, काय करून राहिले? ते म्हणाले, "हेलिकॉप्टर. फौजेचं, चेतक. एकास दहा."

एकास दहा म्हणजे खऱ्याच्या एक दशांश. शोभेचं काहीतरी असेल असं समजून मी बघायला गेले आणि दारातच थांबले. टेबलावर मीटरभर लांबीचा सांगाडा उभा होता. तेलाच्या डब्यांचा पत्रा, छत्रीच्या काड्या, सायकलचे आरे, पॉवरलूमच्या भंगारातून आणलेल्या फणीच्या बारीक तारा. पुढच्या काचेसाठी त्यांनी जुन्या एक्स-रेच्या फिल्म गरम पाण्यात घासून पारदर्शक केल्या होत्या. कुणाची तरी मोडलेली हाडं पुसून त्यातून वैमानिकाने बाहेर बघायचं होतं. त्यांनी बोटाने वरचं पातं ढकललं. तिन्ही पाती कसलाही आवाज न करता फिरली, आणि त्याबरोबर शेपटीचा छोटा पंखाही फिरला. आत कुठूनतरी दोन्ही जोडलेले होते. मी त्या खोलीतून बाहेर आले तेव्हा हळू आवाजात बोलत होते, देवळातून आल्यासारखी.

मापं कुठून आणली, हा प्रश्न मला पडलाच. तर एका मोठ्या शहरात बागेतल्या चबुतऱ्यावर असलं एक जुनं हेलिकॉप्टर ठेवलेलं आहे. काका रेल्वेने तिथे गेले आणि कठड्यावरून चढून टेप लावायला लागले. चौकीदाराने धरलं. कुणी पाठवलं, असं त्याने दरडावून विचारलं, तेव्हा काकांनी खरं ते सांगितलं, "घरवालीने." ते ऐकून चौकीदाराने त्यांना सोडून दिलं. काका पुढे तीन वेळा तिथे गेले. तिसऱ्या वेळी टेपचं दुसरं टोक चौकीदाराने धरलं होतं.

ही गोष्ट काका स्वतःच सांगायचे आणि आम्ही हसायचो. घरवालीचं नाव त्यांनी सुटकेसाठी घेतलं असेल, असंच सगळ्यांना वाटलं. कारण काकूंना तर त्या खोलीत यायलाही मनाई होती. पत्र्याच्या धारा आहेत, डिंक ओला आहे, काम अर्धं आहे, अशी कारणं काका द्यायचे. काकू बाहेर बसून कानशीचा आवाज ऐकत भाजी निवडायच्या.

चार वर्षं गेली. यंदा आमच्या शाळेत प्रदर्शन होतं आणि प्रमुख पाहुणे म्हणून हवाई दलातून निवृत्त झालेले एक अधिकारी येणार होते. त्यांनी हीच हेलिकॉप्टरं चालवलेली होती. मी काकांना मॉडेल मांडायची गळ घातली. ते तयार होणार नाहीत असं वाटत होतं, पण अधिकाऱ्याचं ऐकताच ते लगेच हो म्हणाले. "जाणकाराच्या नजरेखालून एकदा जायला पाहिजे," एवढंच बोलले.

त्या दिवशी इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून काका मॉडेलशेजारी उभे होते. गर्दी होती, पण गोंगाट नव्हता. लोक टेबलाशी आले की आपोआप गप्प होत. दार सरकत होतं. आत पुढे तीन आसनं आणि मागे चार, प्रत्येकाला कापडी पट्टा, पट्ट्याला बंद होणारं बक्कल. दरवाजावर माणसं वर ओढून घ्यायची दोरी, तिचं चाक फिरवलं की दोरी खरोखर खाली उतरायची.

पाहुणे आले, वाकले आणि वाकलेलेच राहिले. त्यांनी खिशातून चष्मा काढून लावला. पुढ्यातल्या डायलवरचे काटे पाहिले, चाकांच्या दांड्या पाहिल्या. पाऊण तास ते तिथून हलले नाहीत. मुख्याध्यापकांचं भाषण खोळंबलं. शेवटी ते सरळ झाले आणि काकांना हिंदीत म्हणाले की मी यात किती वर्षं बसलो, पण आज पहिल्यांदा नीट पाहिलं. मग थोडं संकोचून म्हणाले की एकच गोष्ट आहे, रिवेट्स. पत्रा जोडणारे हे खिळे फार उंच झालेत. खऱ्यावर हे असे हाताला लागत नाहीत.

मी काकांकडे पाहिलं. ते रिवेट्स म्हणजे टाचण्यांची कापलेली डोकी होती, हजारोंनी, एकेक चिमट्याने चिकटवलेली. आता काका टेप काढतील, नकाशा काढतील, वाद घालतील, असं मला वाटलं.

काका म्हणाले, "जी. ते मोठे आहेत. बाकी सगळं सही आहे ना?"

बाकी सगळं सही आहे, पाहुणे म्हणाले. काकांनी डोळे मिटून एक मोठा श्वास सोडला. मी त्यांना इतकं मोकळं झालेलं कधी पाहिलं नव्हतं.

पाहुण्यांनी तिथेच सुचवलं की हे मॉडेल शाळेच्या सभागृहात काचेच्या पेटीत कायमचं ठेवा, खाली यांचं नाव लिहा. मुख्याध्यापकांनी मंचावरून तसं जाहीरही करून टाकलं. काका पुढे आले आणि हात जोडून म्हणाले की काचेत ठेवता येणार नाही. कारण विचारलं तर सांगितलं नाही. मॉडेल चादरीत गुंडाळलं आणि रिक्षात मांडीवर घेऊन घरी गेले. मुख्याध्यापकांचं तोंड पडलं. त्यांनी मला बजावलं की उद्या जाऊन त्या विक्षिप्त माणसाची समजूत घाला.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी गेले. दार उघडंच होतं. बैठकीच्या खोलीत खाली सतरंजीवर हेलिकॉप्टर ठेवलेलं होतं आणि त्याच्यासमोर कमलकाकू बसल्या होत्या. त्यांचे दोन्ही हात शेपटीवरून हळूहळू पुढे येत होते. एकेका टाचणीच्या डोक्यावर बोट थांबायचं, पुढे सरकायचं, पुन्हा थांबायचं. टाचण्यांच्या रांगा धरून त्या वळणं शोधत होत्या. काका बाजूला भिंतीला टेकून बसले होते. ते काहीच सांगत नव्हते, मापसुद्धा नाही.

मी तशीच दाराशी उभी राहिले. रिवेट्स का मोठे होते हे मला तेव्हा कळलं.

काकूंना माझी चाहूल लागली. "या मॅडम, बसा," त्या म्हणाल्या. "मी यात बसले होते, बरं का. पण पाहिलं नव्हतं."

मग काकांनी मला सांगितलं. लग्नाला वर्षही झालं नव्हतं. दोघं काकूंच्या माहेरी मळ्यात गेले होते आणि तापीला पूर आला. केळीचं सगळं वावर पाण्याखाली गेलं. पंप ठेवायच्या खोलीच्या स्लॅबवर हे दोघं आणि काकूंची आई, असे तिघं चढून बसले. दुसऱ्या दिवशी दुपारी फौजेचं हेलिकॉप्टर आलं. आधी सासूबाईंना, मग काकूंना दोरीने वर घेतलं. तेवढ्यात आभाळ भरून आलं आणि हेलिकॉप्टरला जावं लागलं. काका एकटे स्लॅबवर राहिले. त्यांना सकाळी नावेतून काढलं.

"हिला उंचीची भीती," काका म्हणाले. "सगळा वेळ डोळे मिटून होती. नंतर आयुष्यभर म्हणायची, एवढं हेलिकॉप्टरमध्ये बसले आणि बघितलं नाही. आभाळात आवाज आला की अंगणात धावायची, पण दर वेळी ते निघून गेलेलं असायचं. मग नजर गेली."

काकूंचा हात दारातून आत गेला होता. बोटांनी आसन चाचपलं, पट्टा चाचपला, खालची फरशी चाचपली. तिथे त्या थांबल्या.

"हे असं नव्हतं," त्या म्हणाल्या. "खाली गुळगुळीत नव्हतं. उभ्या पट्ट्या होत्या. मला आत ओढलं तेव्हा मी पालथी पडले, गालाला रुतल्या होत्या."

हवाई दलाच्या माणसालाही जे सुचलं नव्हतं ते ऐकून काका एकदम सरळ बसले. किती अंतरावर, त्यांनी विचारलं. काकूंनी दोन बोटं आपल्या गालावर ठेवली, अशा, म्हणाल्या. काका गुडघ्यांवर पुढे सरकले, खिशातली छोटी पट्टी काढली आणि काकूंच्या गालावर, त्या दोन बोटांच्या मधे, धरली. बराच वेळ धरून होते. मग मागे जाऊन आकडा लिहिला.

"आणि ऐका," काकू म्हणाल्या. त्यांचा हात अजून गालावरच होता. "मला उंचीची भीती कधीच नव्हती. लहानपणी मी जांभळाच्या शेंड्यावर चढायची. तुम्ही खाली राहिले होते. डोळे उघडले असते तर तुम्ही बारीक बारीक होत गेलेले दिसले असते. ते मला बघायचं नव्हतं."

चाळीस वर्षं काकांनी एका चुकीच्या कारणावर विश्वास ठेवला होता. त्यांच्या हातातली पेन्सिल सतरंजीवर पडली आणि त्यांनी ती उचलली नाही.

मग ते उठले. हेलिकॉप्टर दोन्ही हातांनी उचलून त्यांनी हळूच तिरपं केलं, काकूंच्या मांडीला टेकवलं, काकूंचा उजवा हात धरला आणि त्याच्या पोटाखाली नेला.

"इथून," ते म्हणाले, "मला हे दिसत होतं. हे पुढचं चाक. ही जोडाची रांग. आणि इथे, हाताला लागतंय का, इथे तेलाचा एक डाग होता. तू याच्या बरोबर वर बसली असशील असं मी धरलं होतं. तेवढ्याकडेच बघत होतो."

काकूंना तो डाग सापडला. लाखेचा, पैशाएवढा थेंब होता तो. त्यावर त्यांनी बोट ठेवलं आणि ते तसंच राहू दिलं.

मी ज्या कामासाठी आले होते ते बोललेच नाही. दार ओढून घेतलं आणि घरी आले.