शेरा बदलून मिळेल

मालकांनी नोंदींचा कागद मास्तरांसमोर आपटला. "मास्तर, तीन महिन्यांत चौऱ्याऐंशी माणसं आपल्या गाद्यांवर लोळून गेली. विकत किती जणांनी घेतली?"

"दोघांनी."

"त्यातल्या एकानं परत आणून दिली."

"तो मला आल्यापासूनच चंचल वाटला होता," मास्तर म्हणाले.

मालकांनी कपाळावर हात मारला. दुसरं काय करणार बिचारे! गाद्यांच्या दुकानात विक्रेता म्हणून त्यांनी ज्या माणसाला ठेवलं होतं, तो एकतीस वर्षं सातवीचा वर्ग सांभाळून निवृत्त झालेला होता. गिऱ्हाईक आत आलं की मास्तर आधी त्याच्या पायांकडे बघत, बूट कुठे काढायचे ते सांगत, आणि मग कापूस, काथ्या, स्प्रिंग आणि फोम यांतला फरक असा काही समजावून देत की गिऱ्हाईक तिथेच डोळे मिटून घेई. जाग आली की "विचार करून सांगतो" म्हणून निघून जाई.

आता निवृत्त माणसानं ही नोकरी धरली तरी कशासाठी? तर बायकोनं धरायला लावली म्हणून. निवृत्तीनंतर मास्तर आठ महिने घरी होते. त्या आठ महिन्यांत त्यांनी बायकोच्या किराणाच्या यादीत लाल पेनानं दुरुस्त्या केल्या, चहाला दहापैकी साडेसहा दिले आणि वेळेवर उठत नाही म्हणून एकदा तिची हजेरी मांडली नाही. शेवटी बाईंनीच ही जाहिरात शोधून काढली आणि त्यांच्यापुढे धरली. "उद्यापासून तुम्ही रोज कुठेतरी जायचं. नाहीतर मी जाते. आणि मी गेले तर परत यायची नाही."

"तर ऐका," मालक म्हणाले, "शनिवारी तुमचे तीन महिने भरतात. संध्याकाळी सहापर्यंत या चौऱ्याऐंशीतली दहा गिऱ्हाइकं गादी घेऊन गेली पाहिजेत. दहा म्हणजे दहा. नाहीतर सरळ घरी आराम करा."

'घरी' हा शब्द ऐकताच मास्तरांनी नोंदींचा कागद लगबगीनं उचलून घेतला.

त्यांच्या मदतीला धावली मालकांची लेक. ती नुकतीच विक्रीशास्त्राचं काहीतरी शिकून आली होती आणि बापाचं दुकान सुधारायचं तिनं मनावर घेतलं होतं. "बाबा, हे लोक काही हातचे गेले नाहीत. आवड होती म्हणूनच आडवे झाले ना? फक्त नंतर त्यांना कोणी विचारलं नाही. आपण प्रत्येकाला ईमेल पाठवू. पण सगळ्यांना एकच छापील मजकूर नाही हं. वाचणाऱ्याला वाटलं पाहिजे, अरे, यांनी मला लक्षात ठेवलंय!"

गिऱ्हाइकांची यादी कॉम्प्युटरवर होती. नाव, ईमेल, कुठल्या गादीवर आडवे झाले ते, आणि शेवटचा रकाना शेऱ्याचा. जो आडवा झाला त्याची नोंद झालीच पाहिजे, हा लेकीचा नियम होता आणि मास्तर नियमाला पक्के. एकदा त्यांची बायको विसरलेला चष्मा द्यायला दुकानात आली आणि पाय दुखतात म्हणून पाच मिनिटं टेकली, तर त्यांनी तिचीही रीतसर नोंद केली होती.

"काका, शेऱ्याच्या रकान्यात तुम्ही सगळ्यांबद्दल लिहिलंय ना?" लेकीनं विचारलं.

"म्हणजे काय! एकही रकाना कोरा नाही," मास्तर जरा दुखावूनच म्हणाले.

तिनं पहिली नोंद वाचली. 'शांत स्वभाव. नीटनेटकी राहते.' "अय्या, किती गोड लिहिता हो काका! मग हेच घालते मी ईमेलात." आणि पुढच्या त्र्याऐंशी नोंदी न वाचता ती कामाला लागली. मास्तरांना वाटलं, कॉम्प्युटरमध्ये काहीतरी घालायचं असेल. त्यात ती रोजच काही ना काही घालत असे.

शनिवारी सकाळी नऊ वाजता चौऱ्याऐंशी ईमेल एकदम सुटले. नऊ वीसला फोन वाजला. पलीकडे दातांचे डॉक्टर होते.

"मास्तर, तुमच्या दुकानातून मला काय आलंय ते वाचून दाखवू का? 'प्रिय डॉक्टर, आपण आमच्या गादीवर आडवे झालात, ते आम्ही विसरलेलो नाही. आपल्याविषयी आमच्या कायम लक्षात राहिलेली गोष्ट अशी: दुसऱ्याला तोंड उघडायला लावतो, स्वतः मात्र विचारल्याशिवाय बोलत नाही. किंमत ऐकून रडवेला झाला. म्हणूनच ही गादी खास आपल्यासाठी!' हा काय प्रकार आहे? थांबा, येतोच मी तिकडे!"

लेकीनं घाईघाईनं यादी उघडली आणि एक एक शेरा वाचत गेली, तसा तिचा आवाज चढत गेला. "'अंगात आळस भरलेला. नुसता लोळण्यासाठी येतो.' काका! 'एकमेकांच्या पाटीत बघून उत्तरं देतात.' हे काय नवरा-बायकोबद्दल लिहायचं असतं? 'बुद्धी बरी, निर्णयशक्ती शून्य. पालकांनी समक्ष भेटावे.' अहो, हे तर पलीकडच्या बँकेचे मॅनेजर!"

"मास्तर, हे काय आहे?" मालकांनी विचारलं.

"शेरे आहेत."

"गिऱ्हाइकांना शेरे?"

"एकतीस वर्षांत मी शेऱ्यात कधी खोटं लिहिलं नाही," मास्तर ताठ मानेनं म्हणाले. मान ताठ होती, पण डोळ्यांसमोर सारखा घराचा दरवाजा येत होता आणि त्यात कमरेवर हात ठेवून उभी असलेली बायको. नोकरी गेली याचं दुःख एकवेळ गिळता आलं असतं, पण आता आपण कोणाच्याच उपयोगाचे नाही, हे तिला जाऊन कुठल्या तोंडानं सांगायचं?

माफीचा मजकूर लिहायला लेक बसते न बसते तोच दुकानाचं काचेचं दार उघडलं. आत टाय लावलेले बँक मॅनेजर आले, आणि त्यांच्या दंडाला धरून त्यांची आई. आई पंचाहत्तरीच्या होत्या, पण पकड मजबूत होती.

"शिक्षक कोण आहेत इथले?" आईंनी विचारलं. "मला भेटायला बोलावलंय. काय केलं यानं?"

मालक टेबलामागे वाकून काहीतरी शोधू लागले. पण मास्तरांचे पाय आपोआप जुळले, पाठ सरळ झाली. पालक समोर आले की काय करायचं, ते त्यांना झोपेतसुद्धा आलं असतं.

"बसा. मुलगा वाईट नाही हो तुमचा," ते म्हणाले. "पण पाच वेळा आला, पाचही वेळा त्याच गादीवर झोपला, आणि पाचही वेळा 'बघतो' म्हणून गेला."

"घरी पण हेच! लग्नाच्या वेळी 'बघतो, बघतो' करत चाळिशी गाठली यानं. आज वीस वर्षं मी ओरडतेय, तर म्हणतो, आई तुला काही कळत नाही. आता बघ, बाहेरच्या माणसानं लिहून दिलं!"

"आई, हळू बोल ना," मॅनेजर कुजबुजले. मग मास्तरांकडे वळून म्हणाले, "हे बघा, आधी तो शेरा बदला."

"असा कसा बदलणार? सुधारणा दिसायला पाहिजे."

"म्हणजे काय करू?"

"निर्णय घ्या."

मॅनेजरांनी आईकडे पाहिलं, गादीकडे पाहिलं आणि तोंडाशी आलेलं 'बघतो' गिळून टाकलं. "द्या ती गादी!"

मास्तरांनी खिशातलं लाल पेन काढलं, मॅनेजरांनी सोबत आणलेल्या ईमेलच्या छापील प्रतीवर जुना शेरा खोडला आणि वळणदार अक्षरात लिहिलं, 'निर्णयशक्तीत लक्षणीय सुधारणा.' आईंनी कागद दोनदा वाचला, घडी घालून पर्समध्ये ठेवला आणि डोळे टिपले.

मग रीघच लागली. डॉक्टर पांढऱ्या कोटातच आले, भांडायला म्हणून. तासभर भांडून त्यांनी गादी घेतली आणि 'आता मोकळेपणाने बोलतो' असा शेरा घेऊन गेले. पाटीत बघणारं जोडपं आलं, तेव्हा मास्तरांनी दोघांना पाठीला पाठ लावून बसवलं आणि कुठली गादी आवडली ते कागदावर लिहायला सांगितलं. दोघांचं उत्तर एकच निघालं. "बघा! येत होतं, फक्त आत्मविश्वास नव्हता," मास्तर म्हणाले, आणि बाई नवऱ्याकडे बघून लाजल्या. आळशी म्हणून शेरा मिळालेला व्यायामशाळेचा मालक तर 'उत्तम' मिळाल्याशिवाय हलेना.

"तुम्ही काठावर पास आहात," मास्तरांनी त्याला सांगितलं.

"आणि ती आठ इंची गादी घेतली तर?"

मास्तर घुटमळले. एकतीस वर्षांच्या तत्त्वांचा प्रश्न होता. "आठ इंची घेतलीत तर 'चांगले' देईन. 'उत्तम'साठी दोन उशा पण घ्याव्या लागतील."

साडेपाच वाजेपर्यंत नऊ गाद्या गेल्या. मालक पुन्हा पुन्हा पावत्या चाळत होते आणि मास्तरांना जबरदस्तीनं खुर्चीवर बसवत होते. पण शब्द म्हणजे शब्द, दहा म्हणजे दहा. पावणेसहा झाले तरी दाराशी चिटपाखरू नव्हतं. सहाला दहा कमी असताना मास्तरांनी डबा पिशवीत भरला, लाल पेनाला टोपण लावलं आणि घड्याळाकडे पाठ करून बसले.

सहाला पाच मिनिटं कमी असताना कॉम्प्युटर टिंग करून वाजला.

"दहावी!" लेक ओरडली. "बाबा, दहावी आली! ईमेलखालच्या बटणावरून कुणीतरी घरबसल्या घेतली."

मालकांनी मास्तरांना मिठीच मारली. "मास्तर, सोमवारपासून तुम्ही कायम! काय वाटेल ते शेरे द्या. पाहिजे तर मला द्या!"

मास्तरांनी डब्याची पिशवी उचलली. हे आधी घरी जाऊन सांगायचं, असं त्यांनी ठरवलं. बायकोच्या चहाला आज दहापैकी आठ द्यायचे, असंही ठरवलं.

"एकेरी गादी आहे," लेक पडद्यावर वाचत होती. "आपल्याकडची सगळ्यात पातळ. आजच्या आज पोचवा म्हणतायत." मग ती थबकली. "काका, हा पत्ता तुमच्या अर्जावर होता तोच ना?"

मास्तरांनी पिशवी पुन्हा खाली ठेवली. लेकीनं मागणीवरचं नाव यादीत शोधलं आणि त्यापुढचा शेरा वाचला. "'आल्या आल्या गाढ झोपली. घरीही दुहेरी गादीचा पाऊण भाग अडवते. वारंवार समज देऊनही सुधारणा नाही.' काका, तुम्ही काकूंना पण..."

"नियम होता," मास्तर क्षीण आवाजात म्हणाले. "आडवी झाली होती."

मालकांनी हळूच मास्तरांच्या खांद्यावर हात ठेवला.

"मागणीखाली त्यांनी सूचना पण लिहिलीय," लेक म्हणाली. "वाचू?"

मास्तरांनी मान डोलावली.

"'गादी बाहेरच्या खोलीत, दाराजवळ टाकावी. विद्यार्थ्यास आजपासून वेगळ्या बाकावर बसवण्यात येत आहे. सुधारणा दिसल्यास शेरा बदलून मिळेल.'"