दिगंबरराव साळिंदरांची स्वस्त खोली

एका जंगलात, बाळांनो, सगळेच प्राणी जरा हात राखून खर्च करणारे होते. जंगलाचं नाव बोरबन. तिथे सिंहही होता, पण उरलेली शिकार तोसुद्धा पानाने झाकून ठेवायचा.

या बोरबनात एक रीत होती. कुणी परगावी फिरून आलं की त्याने संध्याकाळी चिंचेखाली यायचं. सगळे गोळा व्हायचे आणि विचारायचे, "खोली कितीला पडली?" काय पाहिलं ते कुणी विचारत नसे. डोंगर काय, देऊळ काय, सगळ्यांना सारखंच दिसतं. खोली मात्र ज्याची त्याने शोधलेली असते. जो सगळ्यांत कमी आकडा सांगे त्याला टाळ्या मिळत, आणि पुढे वर्षभर सगळे त्याचाच सल्ला घेत.

हसू नका. तुमच्या घरातले लोक शेजाऱ्यांना काय विचारतात, ते मला चांगलं माहीत आहे.

दिगंबरराव साळिंदर यांना या टाळ्या बरीच वर्षं मिळत होत्या. परगावची खोली शोधण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. गादी कापसाची की काथ्याची, गरम पाणी नळाला की बादलीतून, चादर रोज बदलतात की पाहुणा बदलल्यावर, हे सगळं ते घरबसल्या सांगत. नवीन लग्न झालेले ससे तर त्यांना विचारल्याशिवाय बोरबनाबाहेर पाऊल टाकत नसत.

त्यांच्या बायकोचं नाव इंदुबाई. त्या कमी बोलायच्या. नवऱ्याबरोबर त्या पुष्कळ गावं हिंडल्या होत्या आणि पुष्कळ खोल्यांमध्ये बसल्या होत्या.

एका वर्षी इंदुबाईंना अंधुक दिसायला लागलं. घुबडवैद्यांनी दोन्ही डोळे तपासले आणि सांगितलं, "पडदा धरतोय. याला माझ्याकडे औषध नाही. या थंडीत जे पाहायचं ते पाहून घ्या. पुढच्या थंडीचं मी सांगू शकत नाही."

घरी येताना दिगंबररावांनी विचारलं, "तुला काय पाहायचंय?"

इंदुबाई म्हणाल्या, "केशरतळं."

केशरतळं हे त्या मुलखातलं सगळ्यांत नावाजलेलं ठिकाण. पहाटे सूर्य वर येऊ लागला की तळ्याचं पाणी आधी जांभळं होतं, मग केशरी होतं, आणि मग कमळं उघडतात. सगळं थोडा वेळच. ऊन चढलं की ते साधं तळं. तळ्याभोवती एक मोठं शहर वसलं होतं, आणि त्या शहरात खोल्यांचे भाव ऐकून हत्तीसुद्धा माघारी फिरत.

"लग्न झालं तेव्हापासून मनात आहे," इंदुबाई म्हणाल्या. "एक पहाट पाहिली की झालं. मग दिसलं नाही तरी चालेल."

दिगंबररावांना वाईट वाटलं. अगदी खरं वाईट वाटलं, यात शंका घेऊ नका. त्यांना दोन दिवस जेवण गोड लागलं नाही. तिसऱ्या दिवशी ते कामाला लागले, म्हणजे स्वस्त खोली शोधायला लागले.

घराची किल्ली त्यांनी शेजारच्या वासू मुंगसाकडे दिली. शेंगांची गाठोडी पाठीवर घेतली. तुम्हाला सांगायचं राहिलं, त्या मुलखात व्यवहार भुईमुगाच्या शेंगांनी चाले. दोघं चालत चालत शहरात पोचली.

तळ्याच्या अगदी काठाला एक लॉज होतं. मालक बगळा. त्याने एका पायावर उभं राहून खोली दाखवली. खिडकी उघडली तर समोर तळंच. दुपार होती, त्यामुळे पाणी साधंच दिसत होतं, तरी इंदुबाई खिडकीपाशी जाऊन उभ्या राहिल्या.

"अहो, हीच घेऊ या. एकच रात्र. उद्या पहाटे उठलं की इथूनच दिसेल. मला लांब चालावं लागणार नाही."

"कितीला?" दिगंबररावांनी बगळ्याला विचारलं.

"टोपलीभर शेंगा."

"नाश्ता धरून?"

"नाश्ता वेगळा."

दिगंबररावांनी इंदुबाईंना बाजूला घेतलं. "अगं, टोपलीभर? आणि नाश्ता वेगळा? खोली नुसती झोपायला तर लागते. झोपल्यावर खिडकीतून तळं दिसतंय की भिंत, काय फरक पडतो?"

"मी झोपणार नाही ना पण. मी बघणार आहे."

"मग तर खोलीचे पैसे फुकटच गेले," दिगंबरराव म्हणाले.

शेंगा त्यांच्याकडे दोन टोपल्या होत्या, हेही सांगून ठेवतो. परवडत नव्हतं असं नाही. पण चिंचेखाली उभं राहून "टोपलीभर" हा शब्द तोंडातून काढायचा, या कल्पनेनेच त्यांच्या अंगावरचे काटे उभे राहिले.

बाहेर एक कावळा उभाच होता. पर्यटनाच्या गावी असा एक कावळा असतोच. तो म्हणाला, "साहेब, बगळ्याकडे नुसता तळ्याचा भाव आहे. मागच्या गल्लीत चला. खोली तीच, भाव अर्धा."

मागच्या गल्लीत भाव खरंच अर्धा होता. खिडकी एका म्हशीच्या गोठ्यावर उघडत होती. पण नाश्ता धरून होता, आणि तिथेच घोटाळा झाला.

पहाटे इंदुबाई अंधारातच उठून, शाल पांघरून तयार बसल्या. दिगंबरराव म्हणाले, "जरा थांब. नाश्ता सूर्योदयालाच देतात. उशीर केला तर इडल्या संपतात, असं त्या शेजारच्या घोरपडीने सांगितलंय. पैसे भरलेत आपण."

"नाश्ता राहू द्या की एक दिवस."

"धरून असलेला नाश्ता राहू द्यायचा?" दिगंबररावांनी असं काही तोंड केलं, की इंदुबाई परत खाली बसल्या. दिगंबररावांनी इडल्या खाल्ल्या. मग पुन्हा खाल्ल्या, म्हणजे दुपारचं जेवण वाचेल. हात धुऊन दोघं तळ्यावर गेली तेव्हा ऊन चढलं होतं, आणि लोक परत निघाले होते. त्यातली एक हरिणी दुसरीला म्हणत होती, "काय गं तो रंग होता."

"उद्या," दिगंबरराव म्हणाले.

उद्या होणार होतं, पण त्याच दुपारी कावळा परत आला. वेशीबाहेर एक खोली निघाली होती, याच्याही निम्म्या दरात, आणि नाश्त्याला पोहे होते. दिगंबररावांनी गाठोडी उचलली. वेशीपासून तळं इतकं लांब, की पहाटे निघूनही पोचता येत नसे. मग त्याच्याही पुढे टेकडीपलीकडे एका तरसाची धर्मशाळा कळली. मग ओढ्याच्या काठाला एक झोपडी. दर वेळी भाव उतरत होता, दर वेळी तळं एक मजल मागे जात होतं, आणि दिगंबररावांचा चेहरा खुलत होता. इतक्या वर्षांत त्यांना असा हंगाम साधला नव्हता.

"अहो," इंदुबाई ओढ्यावर म्हणाल्या, "आपण तळ्याकडे पाठ करून चाललोय."

"चाललोय ते भावाकडे तोंड करून," दिगंबरराव म्हणाले. "चार दिवसांत इतके वाचले की तळं पाहायला आपण परत येऊ शकतो."

शेवटी कावळ्याने त्यांना एका बोरीच्या झाडाखालच्या बिळापाशी आणलं. दाराला पाटी होती, 'घरगुती निवास'. आतून एक जण बाहेर आला. आधी त्याचा चेहरा पडला, मग त्याने तो सावरला. तो वासू मुंगूस होता.

"या दिगंबरकाका," वासू म्हणाला. "म्हणजे, नमस्कार. ओंजळभर शेंगा. नाश्ता धरून."

"अर्धी ओंजळ," दिगंबरराव म्हणाले.

"घ्या."

दोघं आत गेली. इंदुबाईंनी भिंतीवरून हात फिरवला. चुलीच्या कडेचा निघालेला पोपडा त्यांच्या हाताला लागला. मग कोनाडा लागला, मग त्यांचंच मिठाचं मडकं.

"अहो, हे आपलं घर आहे."

दिगंबररावांनी इकडेतिकडे पाहिलं. गादीही दाबून पाहिली.

"असेल," ते म्हणाले. "पण नाश्ता धरून आहे."

त्या संध्याकाळी चिंचेखाली एवढी गर्दी जमली की माकडांना फांदीवर जागा पुरेना. "खोली कितीला पडली?" सगळ्यांनी विचारलं. दिगंबरराव उभे राहिले, सगळीकडे एकदा बघून घेतलं आणि म्हणाले, "अर्धी ओंजळ. नाश्ता धरून." असा आकडा बोरबनाने कधी ऐकला नव्हता. अस्वलाने तर त्यांना खांद्यावर घेतलं. वासू मुंगूसही टाळ्या वाजवत होता, आणि माझ्या मते त्याच्याइतक्या मनापासून कुणीच वाजवत नव्हतं.

इंदुबाई कडेला बसल्या होत्या. एका म्हाताऱ्या कासविणीने त्यांना हळूच विचारलं, "आणि तळं गं?"

"राहिलं," इंदुबाई म्हणाल्या. त्यांना रडू येत होतं, ते त्यांनी लपवलं नाही. पण टाळ्यांच्या आवाजात कुणाच्या लक्षात आलं नाही.

थंडी संपली. उन्हाळा गेला. इंदुबाईंना आधी चेहरे दिसेनासे झाले, मग झाडं. पावसाळ्याच्या शेवटी त्यांना उजेड आहे की अंधार आहे एवढंच कळू लागलं. दिगंबरराव त्यांना हाताला धरून ओढ्यावर न्यायचे, भाकरीचा तुकडा हातात द्यायचे. माणूस वाईट नव्हता.

आणि मग एके दिवशी कावळा बातमी घेऊन आला. शहरात हंगाम नव्हता आणि लॉज ओस पडली होती. हंगाम म्हणजे काय, तर सगळे एकदम येतात तो काळ. तळ्याला त्यातलं काही माहीत नसतं, ते रोजच केशरी होतं. बगळ्याची तळ्यासमोरची खोली अर्ध्या टोपलीला मिळत होती.

"चल," दिगंबरराव म्हणाले. "तुला तळं दाखवतो म्हटलं होतं ना."

इंदुबाई म्हणाल्या, "चला."

बगळा तसाच एका पायावर उभा होता. "अर्धी टोपली," तो म्हणाला. "हंगाम नाही म्हणून. नाहीतर या खिडकीचे पूर्ण घेतो."

दिगंबररावांनी खिडकीकडे पाहिलं. मग इंदुबाईंकडे पाहिलं. त्यांच्या डोक्यात जे आलं, ते तुमच्याआमच्या डोक्यात आलं नसतं, म्हणून तर टाळ्या त्यांना मिळतात.

"हिला दिसत नाही," ते म्हणाले. "मग खिडकीचे पैसे माझ्या एकट्याचेच लावा."

बगळ्याने पाय बदलला. अशी मागणी त्याच्याकडे आजवर कुणी केली नव्हती, पण तिच्यात त्याला चूकही काढता येईना. "बरं," तो म्हणाला. "पाव टोपली."

दिगंबररावांनी हळूच इंदुबाईंचा हात दाबला. इंदुबाईंनी तो हात सोडवून घेतला नाही. त्यांनी फक्त विचारलं, "खिडकी कुठल्या बाजूला आहे?"

पहाटे त्या उठल्या आणि भिंतीला धरत खिडकीपाशी जाऊन बसल्या. दिगंबररावही उठले. या खोलीत नाश्ता धरून नव्हता, त्यामुळे त्यांना काहीच काम नव्हतं. ते येऊन शेजारी बसले. बाहेर पाणी जांभळं व्हायला लागलं होतं.

"लागलं का दिसायला?" इंदुबाईंनी विचारलं.

"लागलं."

"कसं दिसतंय?"

दिगंबररावांनी पाहिलं. एवढ्या वर्षांत खिडकीतून बाहेर पाहण्याची त्यांची ही पहिलीच वेळ. जांभळ्याचं केशरी झालं. एक कमळ उघडलं, मग आणखी. बायकोला काहीतरी सांगायचं होतं, फार सांगायचं होतं. पण त्यांना गादीचे शब्द येत होते, चादरीचे येत होते, नळाचे येत होते. या समोरच्यासाठी त्यांच्याकडे एकही नव्हता.

"सांगा ना," इंदुबाई म्हणाल्या.

"पाणी आहे," दिगंबरराव म्हणाले. "भरपूर आहे. चोवीस तास."

इंदुबाईंनी मान हलवली. ऊन चढून गालांना लागेपर्यंत त्या तशाच खिडकीकडे तोंड करून बसून राहिल्या.

तात्पर्य : महागड्या शहरात खोली परवडत नसेल तर धीर सोडू नये. बायकोचे डोळे जाईपर्यंत थांबावे. तळ्यासमोरची खोलीसुद्धा पाव दरात मिळते. ज्यांना अजून दिसते आहे, त्यांनी खिडकीचे पूर्ण पैसे मोजून उगाच भाव चढवू नयेत.