जावकची कोथिंबीर

बाजारात कोथिंबिरीची मरतुकडी जुडी बघून जावकने नाक मुरडलं आणि तिथल्या तिथे ठरवलं, यापुढे कोथिंबीर विकत आणायची नाही. घरीच पिकवायची. (बाहेर जाणाऱ्या टपालाच्या टेबलावर बसतो म्हणून कचेरीत त्याला सगळे जावक म्हणतात. इतक्या वर्षांत त्या टेबलावरून पुष्कळ काही गेलं, बढती मात्र आली नाही.)

मनात ठेवलं असतं तर बरं होतं. पण दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी तो बोलून बसला, आणि नवल घडलं. ज्याला 'जरा पंखा लावा' यापलीकडे कोणी काही म्हणत नाही, त्याच्याभोवती माणसं जमली. ऊन किती लागतं? खत कुठलं? जावक तोंडाला येईल ते सांगत सुटला. खुद्द हेडक्लार्क म्हणाले, "उगवली की बघायला येतो हं."

झालं! घरी येऊन त्याने गॅलरीतल्या ओल्या चादरी गोळा करून खुर्चीवर टाकल्या, कुंड्या मांडल्या आणि नुसती कोथिंबीर कशाला म्हणून स्वयंपाकघरातले डबे उघडून धने, जिरे, मोहरी, मेथी मूठमूठ काढून घेतली.

"अहो, ते धने..."

"तू मध्ये बोलू नकोस. बागेतलं तुला काय कळतं?"

"बागेतलं नाही कळत, डब्यातलं कळतं. ते..."

"गप्प बस म्हटलं ना!"

बाई एकदा सांगते, दोनदा सांगते, तिसऱ्यांदा मजा बघते.

मग खत. शेण, गूळ, पेंड आणि भाजीची सालं-देठं त्याने बादलीत कालवली, बायकोच्या डावाने ढवळली आणि झाकण घालून आंबवली. (तो डाव पुन्हा घरात आला नाही.) हे पाणी तो रोज कुंड्यांना पाजायचा. कुंड्या ढिम्म. खत कमी पडतंय म्हणून त्याने दुप्पट घातलं. माश्यांनी घर धरलं, पाहुण्यांनी सोडलं.

खालच्या काकूंनी नाक दाबून वर हाक मारली, "अगं, तुमच्याकडे काही मेलंय का?"

"अजून नाही काकू," बायको गॅलरीतून म्हणाली, "पण विचार चाललाय."

कचेरीत रोज चौकशी. "काय जावक, कोंब?" "येतोय, येतोय." खरं सांगितलं तर आपण पुन्हा पंख्यापुरते उरणार, या भीतीने तो थाप मारत राहिला.

आणि एका सकाळी धन्याच्या कुंडीत हिरवा कोंब! जावक पोराचा बाप झाल्यासारखा नाचला. हेडक्लार्कना रविवारचं बोलावणं गेलं. तोवर कोंबावर त्याने स्वतःची छत्री उघडून ठेवली आणि आपण उन्हातून कचेरीत गेला.

रविवारी हेडक्लार्क आले, वाकले, पान चुरगाळून हुंगलं.

"जावक, ही कोथिंबीर?"

"सेंद्रिय आहे साहेब. वास जरा वेगळा येतो."

"अहो, टोमॅटोचं रोप आहे हे!"

"धन्यातून टोमॅटो?"

"धन्यातून कशाला, बादलीतून," चहा घेऊन आलेली बायको म्हणाली. "सालांबरोबर सडका टोमॅटो मीच टाकला होता."

"मग माझे धने?"

"किडे होऊ नयेत म्हणून मी सगळा मसाला भाजूनच डब्यात भरते. लग्न झाल्यापासून. त्या दिवशी तेच सांगत होते."

हसता हसता हेडक्लार्कच्या बशीतला चहा शर्टावर सांडला. "म्हणजे इतके दिवस तुम्ही भाजलेल्या धन्यांना खत घालत होतात?"

जावकने टोमॅटोवरची छत्री मिटली. टोमॅटो मात्र छान तरारला होता.

सोमवारी सकाळभर कचेरीत कोणी ब्र काढला नाही. जावकला वाटलं, हेडक्लार्क माणूस मोठ्या मनाचा, पोटात ठेवलं त्याने. चहाच्या वेळी माणसं पुन्हा टेबलाभोवती जमली, तेव्हा तर त्याचा ऊर भरून आला. तेवढ्यात शिपायाने पुढ्यात एक पुडी ठेवली. आत गरमागरम भाजलेले शेंगदाणे.

"हेडक्लार्कसाहेबांनी दिलेत," शिपाई म्हणाला. "यंदा भुईमूग पेरा म्हणाले. आणि उठलात तर जरा पंखा लावा."