विब्रेनने सायकलला ग्रीस लावलं

नवऱ्याने घरातल्या कुठल्याही चालू वस्तूला हात लावू नये, हे हिस्केचं मत तिच्या लग्नाइतकंच जुनं होतं. तरीही एका शुक्रवारी दुपारी विब्रेनने ठरवलं, की सायकलला जरासं ग्रीस लावायचं. जरासं! या एका शब्दाने जेवढे संसार गोत्यात आणलेत, तेवढे दारूनेही आणले नसतील.

सायकल त्याच्या वडिलांची. काळी, उंच, दांडीवाली, चेनवर बंद कव्हरचा डगला घातलेली, आणि वजनाला लोखंडी कपाटाची बहीण. हँडलला ब्रेकच्या तारा वगैरे नाजूक प्रकार नाही. पायडल उलटं दाबलं, की मागच्या चाकाच्या हबमधला, म्हणजे मधल्या तुंब्यातला, ब्रेक लागायचा. विब्रेनला या सायकलचा भारी अभिमान. (अभिमान बाळगावा असं दुसरं काही जवळ नव्हतं, हेही एक कारण असेल.) समुद्राचे बांध आणि शेतांमधले चर सांभाळणाऱ्या कचेरीत त्याने उभी हयात काढली होती. हिवाळ्याच्या तोंडावर याच सायकलवरून फिरायचं, कोणी आपल्या शेताकडेचा चर साफ केला नाही ते बघायचं आणि लव्हाळ्याची एक काडी दिसली तरी दंड ठोकायचा, हे त्याचं काम. आसपासच्या गावांत ती सायकल कोणाच्या लाडाची नव्हती.

आता तो निवृत्त झाला होता, पण सायकल निवृत्त व्हायला तयार नव्हती. चेन पडायची, मडगार्ड खडखडायचं आणि मागचं चाक कुईं कुईं ओरडायचं. गेल्या वर्षी हिस्केच्या थोरल्या बहिणीच्या, सिब्रिखच्या वाढदिवसाला जाताना ती वाटेत इतक्या वेळा थांबली, की ही दोघं पोचेपर्यंत कॉफी होऊन गेली होती. सिब्रिखकडे कॉफीबरोबर माणशी एक केकचा तुकडा मिळतो आणि मग केकचं झाकण बंद होतं. उशिरा आलेल्याला सख्खी बहीण म्हणूनही ते उघडत नाही.

ते झाकण हिस्केच्या मनात वर्षभर खुपत होतं. यंदा तिने नवऱ्याला स्पष्टच सांगितलं.

"उद्या या डबड्याने मला सिब्रिखच्या दारात नेऊन सोडलं, वाटेत एकदाही न थांबता, तर राहू दे घरात. थांबलं, तर सोमवारी भंगारवाला. मग डुर्कसारख्या बॅटरीच्या सायकली घेऊ."

डुर्क म्हणजे सिब्रिखचा नवरा, विब्रेनचा साडू. त्याचं नाव निघालं की विब्रेनच्या जेवणात खडा लागायचा.

"बॅटरीच्या? वडिलांची सायकल भंगारात घालून त्या शिवणयंत्रावर बसू मी?"

"नको बसूस. चालत ये मागून."

झालं. बापाच्या सायकलच्या जिवावर बेतलं होतं. मग विब्रेनने मागचं चाक सोडवलं आणि स्वयंपाकघरातल्या टेबलावर हब उघडला.

"अरे, जेवायचं टेबल आहे ते!"

"पेपर अंथरलाय."

"मग बटाटे पेपरावरच वाढते."

हब उघडला आणि आतून अशा वस्तू निघाल्या, की विब्रेन क्षणभर हबकलाच. छर्रे, कड्या, शंकू, दाते आणि एक उभी चीर असलेलं पितळी नळकांडं. वडिलांनी कधी हब उघडलाच नव्हता. (म्हणून तर सायकल टिकली.) विब्रेनने सगळं पुसलं, ग्रीसमध्ये न्हाऊ घातलं आणि आठवेल तसं परत भरलं. चाक बसलं, चेन ताणली, मडगार्ड आवळलं, चाक फिरलं, कुईं बंद झाली. टेबलावर ते पितळी नळकांडं तेवढं उरलं.

उरलेल्या वस्तूकडे माणूस दोन प्रकारे बघू शकतो. शहाणा म्हणतो, माझं काहीतरी चुकलं. विब्रेन म्हणाला, कारखानेवाल्यांनी एक भाग जास्तीचा घातला होता. नळकांडं त्याने खिडकीतल्या जिरेनियमच्या कुंडीत, पानांखाली, हळूच ठेवून दिलं.

मग तो सायकल तपासायला निघाला. समुद्राकडून सोसाट्याचा वारा आणि विब्रेन सरळ त्याच्या तोंडावर. आमच्याकडे वारा असा, की पाय थांबले की सायकल जागच्या जागी थांबते, ब्रेक कोणाला आठवतोय? सायकल चालली, थांबली, परीक्षा पास! छाती फुगवून, सायकल हाताने मिरवत, तो चालत घरी आला.

शनिवारी सकाळी हिस्केने फुलांना पाणी घातलं, गुलाबी साखरेचा थर दिलेला केक डब्यात ठेवला, पर्स उचलली आणि दारात येऊन विचारलं, "सायकल ठीक आहे ना? सगळं जिथल्या तिथे?"

"माझ्या बापाची सायकल आहे. मला शिकवू नकोस."

"बरं," हिस्के म्हणाली. ती एवढ्यावर गप्प बसली, इथेच विब्रेनला शंका यायला हवी होती. पण शंका यायलाही थोडी अक्कल लागते.

विब्रेनने पायडल मारलं. हिस्के डबा घेऊन दोन पावलं धावली आणि चालत्या सायकलच्या कॅरिअरवर एका बाजूला पाय सोडून टुणकन बसली. उभ्या सायकलवर चढण्याइतकी ती अजून म्हातारी झाली नव्हती. शाळेत असल्यापासून ती अशीच चढायची आणि अशीच उतरायची.

वारा आज पाठीवर होता. सायकल कशी लोण्यासारखी चालली होती! ना कुईं, ना खडखड. बांधावरच्या मेंढ्यासुद्धा माना वर करून बघत होत्या.

"बघितलंस? अशी चालते माझ्या बापाची सायकल! आणि तो डुर्क! रात्रभर सायकलला दूध पाजल्यासारखी वीज पाजतो."

"समोर बघ," हिस्के म्हणाली.

समोर बांधाचा उतार होता. आमच्या मुलखात चढउतार असा तो एकच, आणि त्याच्या पायथ्याशीच सिब्रिखचं गाव. विब्रेनने नेहमीप्रमाणे पायडल उलटं दाबलं. पायडल उलटं फिरलं. नुसतंच फिरलं. त्याने पुन्हा दाबलं, पायडल पुन्हा फिरलं, आणि सायकल उताराला लागली.

विब्रेनच्या डोळ्यांपुढे जिरेनियमची कुंडी उभी राहिली. पण ओरडावं तर पैज गेली, सायकल गेली, आणि डुर्क जन्मभर दात काढणार! तो दातओठ खाऊन हँडल धरून बसला.

"जरा जोरात नाही का चाललास?"

"तुला वेळेवर पोचायचं होतं ना? मग पोच!"

सायकल गावात घुसली. सिब्रिखच्या घराला भलीमोठी खिडकी, आणि पडदा लावणं म्हणजे काहीतरी लपवणं, म्हणून पडदा नाही. आत सगळे पाहुणे गोल खुर्च्या मांडून बसले होते. विब्रेन एका हाताने हँडल धरून दुसरा हात जिवाच्या आकांताने हलवायला लागला. धावा, धरा, वाचवा, असा त्याचा अर्थ होता. आतल्या मंडळींनी रीतीप्रमाणे हसून हात हलवले. खिडकीसमोरून जाणाऱ्याने हात करायचा, आतल्यांनी हात करायचा, यापलीकडे चौकशा करायची आमच्यात पद्धत नाही.

घर मागे पडलं. आता मात्र विब्रेनच्या ध्यानात आलं, की सायकल सिब्रिखच्या दारापर्यंत आली होती. एकदाही न थांबता! म्हणजे पैज जिंकली! भीती कुठल्या कुठे पळाली.

"काय बाईसाहेब? थांबली का कुठे? एकदा तरी? बोला की आता!"

मागून उत्तर नाही.

"बसली ना दातखीळ? आता कोण आणतंय भंगारवाला ते बघतो!"

तरी उत्तर नाही. इतक्या वर्षांच्या संसारात हिस्केला पहिल्यांदाच उत्तर सुचलं नव्हतं. तिचा पडलेला चेहरा बघायचं सुख सोडवेना, म्हणून विब्रेन मागे वळला.

कॅरिअर रिकामं होतं. आणि तो परत पुढे वळेपर्यंत रस्ता संपून चर सुरू झाला होता.

चरात पाणी छातीभर. विब्रेनने काठावर धरायला गवत चाचपलं, लव्हाळं चाचपलं. हाताला काही म्हणजे काही लागलं नाही. हा चर त्याने जन्मभर दंड ठोकठोकून साफ ठेवायला लावला होता. शेवटी डुर्क आला, आधी त्याने सायकल बाहेर काढली आणि मग साडूला.

"छान साफ आहे नाही चर?" डुर्क म्हणाला.

ओलाचिंब विब्रेन खोलीत शिरला. रीत ती रीत, वाढदिवस एकीचा असला तरी अभिनंदन सगळ्यांचं. प्रत्येक खुर्चीपुढे जाऊन, "सिब्रिखच्या वाढदिवसाबद्दल अभिनंदन," म्हणत त्याने थंडगार हात मिळवले. कोपऱ्यातल्या म्हाताऱ्या आत्याने हात पुसत विचारलं, "बाहेर पाऊस आहे का रे?"

केकचं झाकण बंद झालं होतं. हिस्केच्या बशीत मात्र गुलाबी चुरा होता.

"तू उतरलीस कधी?" विब्रेनने दात वाजवत विचारलं.

"दारात. तू हात हलवत होतास तेव्हा. केकला धक्कासुद्धा लागला नाही."

"म्हणजे... सायकल थांबली नाही."

"नाही थांबली," हिस्के सगळ्यांसमोर म्हणाली. "दारात नेऊन सोडलं मला. बिचारीने शब्द पाळला. भंगारात नाही जायची ती."

विब्रेनचे डोळे भरून आले. आणि मग हिस्केने पर्स उघडली, आतून पितळी नळकांडं काढलं आणि त्याच्या रिकाम्या बशीत ठेवलं.

"सकाळी पाणी घालताना सापडलं. विचारलं मी तुला, सगळं जिथल्या तिथे आहे ना? तू म्हणालास, शिकवू नकोस. नाही शिकवलं." तिने शांतपणे कॉफीचा घोट घेतला. "सायकलमध्ये खोट नाही. खोट तिच्यावर बसणाऱ्यात आहे. आजपासून ती मी चालवणार."

सोमवारी नळकांडं बसवून आलं. तेव्हापासून गावात ती काळी सायकल दिसते, ब्रेक झकास लागतो, आणि हँडलवर हिस्के असते. मागच्या कॅरिअरची जागा विब्रेनची. फक्त चालत्या सायकलवर उडी मारून बसणं त्याला अजून जमलेलं नाही. म्हणून वाढदिवस असला, की हिस्के पुढे आणि केकचा डबा सांभाळत विब्रेन मागून धावत, असं लोक खिडकीतून बघतात आणि रीतीप्रमाणे हात हलवतात.

"अगं, थांब की जरा!" तो धापा टाकत ओरडतो.

"छे रे," पुढून हिस्के म्हणते, "थांबली तर भंगारात जाईल ना!"