किटलीची बेल

उमाकांत देवस्थळींनी सरकारी कारखान्यात पस्तीस वर्षं विजेची ड्रॉइंग्ज काढली होती. घरातला एक प्लग पॉइंट हलवणं हा त्यांच्या डाव्या हातचा मळ होता. बंगळूरच्या बनशंकरीतल्या घराची डागडुजी निघाली होती आणि त्यांना किटली खाटेजवळ हवी होती. एकट्याच्या कपभर चहासाठी स्वयंपाकघरात उभं राहायचा कंटाळा येई. पत्नी गेल्यापासून सकाळच्या चहाबरोबर एकच विचार छळायचा: एखाद्या दिवशी आपण उठलोच नाही, तर कळणार कुणाला? मुलगा ध्रुव कॅनडात, त्याचा फोन रविवारी. म्हणजे सोमवारी गेलो तर सहा दिवस कुणाला पत्ता नाही!

यल्लाप्पा इलेक्ट्रिशियनने भिंत फोडली. "सर, इधर पुराना वायर है. किधर जाता है, स्वल्प देखूँ?"

"देखनेका काम नहीं. मैंने ड्रॉइंग दिया है ना? उसीको जोडो!"

घर पूर्वी एकच होतं, आधीच्या मालकाने मधे भिंत घालून त्याची दोन केली, हे ड्रॉइंगमध्ये नव्हतं.

नव्या पॉइंटवर चौथ्या दिवशी सकाळी सहाला त्यांनी किटली लावली, आणि दोनच मिनिटांत पलीकडच्या अनुसूयाअक्का काठी टेकत दारात हजर. त्याही एकट्याच राहत. सहा वर्षांच्या शेजारात 'नमस्कार'पलीकडे बोलणं कधी झालं नव्हतं.

"अण्णा, रोज सहाला कोण तरी माझी बेल वाजवून पळतंय बघा! दूधवाल्याशी भांडले, पेपरवाल्याला झापलं, दाराला लिंबू-मिरची पण बांधली!"

"असं? थांबा, एवढं बंद करतो," म्हणत उमाकांतरावांनी किटलीचं बटण दाबलं.

बटण सुटताच पलीकडे 'टिंग-टाँग' बेलमधला उरलेला 'टाँग' वाजला.

पस्तीस वर्षांची अब्रू क्षणात धुळीला मिळाली. "अक्का," ते खाली मान घालून म्हणाले, "तो चोर मीच. उद्याच्या आत दुरुस्त करून देतो."

अक्का हसल्या, काहीतरी बोलणार होत्या, पण नुसतं "सरी, बरं" म्हणून गेल्या. दुपारी यल्लाप्पाने वायर वेगळी केली. "आपके ड्रॉइंग के माफिकच था, सर," एवढं मात्र त्याने ऐकवलंच.

दुसऱ्या दिवशी सहाला किटली लागली. पलीकडे दार उघडलं नाही, काठी वाजली नाही. उमाकांतरावांना एकदम फार एकटं वाटलं. चहा तसाच निवत राहिला.

साडेसहाला दारावर काठी आपटली. अक्का धापा टाकत होत्या.

"अण्णा, बरे आहात ना? आज टिंग झालं नाही!"

"अहो, काल दुरुस्त केलं की!"

"ठाऊक आहे हो. तरी राहवेना."

 उमाकांतरावांनी दुसरा कप काढला. मग म्हणाले, "यल्लाप्पाला बोलावतो. होतं तसं करून देईल."

"एवढंच नको." अक्कांनी कप हातात घेतला. "पहाटे पाचला माझी पण कॉफी असते. तिची बेल तुमच्याकडे वाजू दे."

उमाकांतराव साडेसहाच्या आत कधी डोळे उघडत नसत; हे पाच दिवस सहाला उठले ते निव्वळ खाटेजवळच्या किटलीच्या कौतुकाने. तरी त्यांनी निमूटपणे नवं ड्रॉइंग काढायला घेतलं.